युटा १९४३–४४: युद्धकाळातल्या बास्केटबॉल हंगामाचा सामनावार तक्ता (प्रकल्प नोंदी)

३ फेब्रुवारी: व्याप्ती ठरवली

काम एवढंच आहे: अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाच्या १९४३–४४ च्या हंगामाचा सामनावार तक्ता करायचा, आणि प्रत्येक ओळीला दोन स्वतंत्र आधार द्यायचे. युद्धाने कॉलेजच्या बास्केटबॉलचं जे काही केलं ते जवळजवळ सगळं या एका हंगामात सापडतं, म्हणून हाच संघ घेतला. विद्यापीठाची क्रीडाशाळा सैन्याने बराकीसाठी घेतली होती. परिषदेचं, म्हणजे त्या भागातल्या कॉलेजांच्या साखळीचं, नेहमीचं वेळापत्रक थांबलं होतं. पहिल्या वर्षाची पोरं मुख्य संघात होती आणि समोर लष्करी तळांचे आणि कंपन्यांचे संघ होते. तरीही प्रशिक्षक वेडल पीटरसन यांच्या या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं.

असा तक्ता दुसऱ्या संघाचा करू पाहणाऱ्यांनी हंगाम पहिल्या सामन्यापासून चढवत जाऊ नये. शेवटापासून मागे यावं. मोठ्या स्पर्धांच्या बातम्या देशभर छापून आल्या, त्यामुळे तिथला पाया पक्का मिळतो. डिसेंबर-जानेवारीतले सामने मात्र बहुतेक वेळा फक्त स्थानिक वर्तमानपत्रात, तेही चार ओळींत असतात.

५ फेब्रुवारी: मार्चचे पाच सामने

या पाच ओळी आधी पक्क्या केल्या. सगळे सामने मार्च १९४४ चे (एनआयटी आणि एनसीएए या कॉलेज संघांच्या दोन वेगळ्या राष्ट्रीय स्पर्धा; युटाचं अजिंक्यपद ते एनसीएएचं):

२० तारीख, सोमवार, न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन: केंटकी ४६, युटा ३८ (एनआयटी, पहिली फेरी)
२४ तारीख, शुक्रवार, कॅन्सस सिटी: युटा ४५, मिझुरी ३५ (एनसीएए, पश्चिम विभाग)
२५ तारीख, शनिवार, कॅन्सस सिटी: युटा ४०, आयोवा स्टेट ३१ (पश्चिम विभागाची अंतिम)
२८ तारीख, मंगळवार, गार्डन: युटा ४२, डार्टमथ ४० (एनसीएए अंतिम, जादा वेळ)
३० तारीख, गुरुवार, गार्डन: युटा ४३, सेंट जॉन्स ३६ (रेड क्रॉसच्या मदतीसाठी)

बेरीज युटा २०८, प्रतिस्पर्धी १८८. ही बेरीज तक्त्याच्या तळाशी ठेवा. पुढे कुणी एखादा आकडा चुकून बदलला तर लगेच कळतं.

वार तपासायला १९४४ चं कॅलेंडर शोधत बसायची गरज नाही. २००० साल त्याच्याशी दिवसागणिक जुळतं, दोन्ही लीप वर्षं. डिसेंबर १९४३ साठी २०१० वापरा. जुन्या बातमीत तारीख क्वचित असते, «गेल्या शुक्रवारी» असंच लिहिलेलं असतं, तेव्हा याचा फार उपयोग होतो.

८ फेब्रुवारी: आजचा साचा मोडला

आजच्या हंगामांसाठी लोक वापरतात तो तयार साचा घेतला होता, त्यात परिषद, मानांकन आणि घरचा किंवा बाहेरचा सामना असे रकाने असतात. तिन्ही इथे फसले.

परिषदेचा रकाना रिकामा राहतो आणि रिकामी जागा पाहून पुढचा माणूस «माहिती मिळाली नाही» असं समजतो. तिथे «परिषदेचे सामने स्थगित» असं स्पष्ट लिहिलं.

मानांकनाचा रकाना काढूनच टाकला. एपी या वृत्तसंस्थेचं बास्केटबॉल मानांकन जानेवारी १९४९ मध्ये सुरू झालं. १९४४ च्या संघापुढे क्रमांक दिसला तर तो नंतर कुणीतरी मागे जाऊन दिलेला असतो. हेल्म्स फाउंडेशन या विजेते स्वतः निवडणाऱ्या संस्थेने त्या हंगामाचा विजेता म्हणून आर्मीचं (लष्करी अकादमीचं) नाव दिलं आहे, कारण आर्मीचा संघ १५–० असा अपराजित होता. ही माहिती टिपेत जाते, सामन्याच्या ओळीत नाही.

घरच्या मैदानाने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. साच्यात «घरचा सामना» निवडलं की ठिकाण म्हणून विद्यापीठाची क्रीडाशाळा आपोआप भरली जायची, आणि ती तर सैन्याच्या ताब्यात. संघ मुलींच्या व्यायामशाळेत सराव करत होता. आपोआप भरलेली सगळी ठिकाणं पुसली आणि बातमीत ठिकाण असेल तरच लिहायचं असा नियम केला. बातमीत फक्त शहर असेल तर फक्त शहर.

«फायनल फोर» हा शब्दही वगळला. तेव्हा स्पर्धेत आठ संघ होते, पूर्व आणि पश्चिम विभागाचे विजेते वेगवेगळ्या शहरांत ठरले आणि शेवटच्या सामन्यालाच एकत्र आले. आजच्या हिशोबाने ओहायो स्टेट आणि आयोवा स्टेट त्या वर्षीच्या शेवटच्या चारांत धरले जातात, पण त्या चार संघांचा मेळा एका जागी भरलाच नव्हता.

१२ फेब्रुवारी: प्रतिस्पर्धी कोण?

नवा रकाना घातला, «प्रतिस्पर्ध्याचा प्रकार». पर्याय तीनच: कॉलेज, लष्करी तळ, कंपनी किंवा क्लब. नियमित हंगामात युटासमोर आलेले कॉलेजचे संघ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, त्यामुळे या रकान्याशिवाय तक्ता वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

लष्करी संघ म्हणजे दुबळा संघ असं धरू नका. तळांवर भरती झालेले आधीचे नावाजलेले कॉलेज खेळाडू असत, कधी व्यावसायिकही. इलिनॉयचा १९४२–४३ चा संघ पहा: «व्हिझ किड्स», अँडी फिलिपचा संघ, परिषदेत १२–०, एकूण १७–१. ती एकुलती एक हार कॅम्प ग्रँट या लष्करी संघाकडून झाली. लष्करी सामने वगळून हिशोब केला तर हा संघ अपराजित दिसेल, आणि ते खरं नाही.

प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीवरून काढलेले आजचे गुणांक मात्र इथे निरर्थक आहेत. तळाच्या संघात दर महिन्याला माणसं बदलत, कधी बदलीचा हुकूम यायचा तर कधी जहाज सुटायचं. जानेवारीतला आणि मार्चमधला एकाच नावाचा संघ हा वेगळाच संघ असू शकतो. तो रकाना उघडलाच नाही.

स्कॅनमध्ये अर्धवट उमटलेली नावं ओळखायला विद्यापीठ ज्या शहरात आहे त्या सॉल्ट लेक सिटीच्या परिसरातल्या तळांची यादी शेजारी ठेवा: फोर्ट डग्लस, कर्न्स, हिल फील्ड, वेंडोव्हर. यादीत नाव आहे म्हणून सामना झाला असं नव्हे. यादी फक्त अक्षर लावण्यासाठी.

१७ फेब्रुवारी: वर्तमानपत्रं

युटा डिजिटल न्यूजपेपर्स हा संग्रह मोफत आहे, विद्यापीठाचं मॅरियट ग्रंथालय तो चालवतं. सुरुवात तिथूनच करा. पैसे भरून वापरायचे संग्रह नंतर घ्या आणि एकाच महिन्यासाठी घ्या. त्याआधी हव्या असलेल्या तारखांची पूर्ण यादी तयार हवी. यादीशिवाय वर्गणी भरली तर महिना चाळण्यात जातो आणि पुन्हा पैसे भरावे लागतात.

शोधशब्द त्या काळचे लागतात. «बास्केटबॉल» टाकून फारसं हाती लागत नाही, कारण क्रीडापानांचे मथळे तो शब्द टाळायचे. «केजर्स», «क्विंटेट», «फाइव्ह», «हूप» हे शब्द रोमन लिपीत टाकले की बातम्या येऊ लागतात. संघासाठी «यूट्स» बरोबर «रेडस्किन्स»ही टाकावं लागतं. विद्यापीठ हे टोपणनाव १९७२ पर्यंत वापरत होतं. तो शब्द मूळ रहिवाशांसाठी अपमानकारक आहे. शोधात तो लागतोच, पण तक्त्यात आम्ही सगळीकडे «युटा» लिहिलं आणि मूळ मथळा स्रोताच्या टिपेत जसाच्या तसा ठेवला. जपानी वंशाच्या खेळाडूंबद्दल त्या काळच्या मथळ्यांत येणाऱ्या शब्दांनाही हाच नियम: मूळ टिपेत, तक्त्यात फक्त माणसाचं नाव.

या संग्रहात पानाचे बातमीनुसार तुकडे केलेले असतात. बातमी एका तुकड्यात आणि बॉक्स स्कोअर (खेळाडूवार गुणांचा छापील तक्ता) दुसऱ्यात, असं वारंवार होतं. बॉक्स स्कोअर «सापडला नाही» असं लिहिण्याआधी पूर्ण पान उघडून पहा.

तारखेचा घोळ इथेच होतो. सॉल्ट लेकच्या सकाळच्या ट्रिब्यूनमध्ये «काल रात्री», संध्याकाळच्या टेलिग्राममध्ये त्याच दिवशीचं «आज रात्री». सुरुवातीला अंकाची तारीख हीच सामन्याची तारीख म्हणून भरली गेली होती आणि काही सामने दोनदा उमटले, एकदा आदल्या दिवशीच्या पूर्वपरीक्षणावरून आणि एकदा निकालावरून. उपाय: दोन वेगळे रकाने, अंकाची तारीख आणि सामन्याची तारीख. दुसरी नेहमी बातमी वाचून, वार लावून भरायची. संध्याकाळचा अंक रविवारी निघत नसेल तर शनिवारचा सामना सोमवारच्या अंकात शोधा.

२२ फेब्रुवारी: तक्त्याची यांत्रिक दुखणी

«१८-३» असं लिहिलं की स्प्रेडशीट त्याची तारीख करून टाकते. रकाना आधी साध्या मजकुराचा करा, किंवा त्याहून बरं म्हणजे विजय आणि पराभव वेगळ्या रकान्यांत ठेवा.

देवनागरी अंकांत गुण भरले तर बेरीज शून्य येते, कारण ते आकडे मजकूर म्हणून धरले जातात. भरताना इंग्रजी अंक (1, 2, 3), देवनागरी रूप फक्त शेवटच्या प्रतीत.

१ मार्च: बॉक्स स्कोअर तपासणं

१९४४ च्या बॉक्स स्कोअरमध्ये नाव, गोल, फ्री थ्रो, फाउल आणि गुण एवढंच असतं. रिबाउंड नाहीत, असिस्ट नाहीत, किती फेकी मारल्या तेही बहुधा नाही. हुकलेले फ्री थ्रो कधी कधी खाली वेगळ्या ओळीत नावांसह दिलेले असतात, तेवढी ओळ जरूर उतरवा. इतर रकाने «शून्य» भरू नका, रिकामे सोडा. «नोंद नव्हती» आणि «शून्य होतं» यांत फरक आहे.

तपासणी तीन पायऱ्यांत. गोल गुणिले दोन अधिक फ्री थ्रो बरोबर गुण; तीन गुणांची फेक तेव्हा नव्हती म्हणून हे समीकरण प्रत्येक खेळाडूला लागलंच पाहिजे. आठ गोल, सहा फ्री थ्रो म्हणजे बावीस, एकवीस आले तर काहीतरी चुकलं. मग खेळाडूंची बेरीज संघाच्या बेरजेशी. मग संघाची बेरीज मथळ्यातल्या निकालाशी. स्कॅनमध्ये ३ आणि ८, ५ आणि ६ यांची अदलाबदल सर्रास होते, आणि ती बहुतेक पहिल्याच पायरीवर पकडली जाते.

फाउलच्या रकान्यावर वेगळी चाळणी आहे. १९४३–४४ मध्ये चार वैयक्तिक फाउलला खेळाडू बाद व्हायचा, पाचची मर्यादा १९४४–४५ पासून आली. म्हणजे या हंगामातल्या साध्या सामन्यात कुणापुढे ५ दिसला तर आधी स्कॅनवर संशय घ्या. जादा वेळेच्या सामन्यांना मात्र ही चाळणी लावू नका. पाच फाउलचा नियम आला तेव्हाच जादा वेळेत मिळणारा वाढीव फाउल बंद झाला. डार्टमथविरुद्धचा सामना आधी या चाळणीतून गेला होता, तो बाहेर काढून हाताने तपासला.

त्या सामन्यात आर्नी फेरिनचे २२ गुण. संघाच्या ४२ पैकी निम्म्याहून जास्त, तेही पहिल्या वर्षाच्या, अठरा वर्षांच्या मुलाचे. स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला. नियमित वेळ ३६–३६ वर संपली, डार्टमथच्या डिक मॅग्वायरने अगदी अखेरच्या क्षणी बरोबरी साधली होती. जादा वेळेत ४०–४० असताना हर्ब विल्किन्सनने तीन सेकंद उरलेले असताना लांबून चेंडू टाकला. मध्यंतर, नियमित वेळ आणि जादा वेळ यांचे गुण वेगळ्या रकान्यांत ठेवले. फक्त ४२–४० लिहिलं तर जादा वेळेतले ६–४ दिसत नाहीत.

९ मार्च: एक खेळाडू, दोन संघ

खेळाडूंची यादी करताना मॅग्वायर दोन ठिकाणी आला, त्याच हंगामात सेंट जॉन्सकडे आणि डार्टमथकडे. नोंद दुबार झाली असं समजून एक पुसण्याचा मोह होतो. पुसू नका, दोन्ही बरोबर आहेत.

कारण नौदलाचा व्ही-१२ कार्यक्रम. जुलै १९४३ मध्ये तो सुरू झाला, १३१ कॉलेजांत अधिकारी घडवण्यासाठी मुलं पाठवली गेली, आणि डार्टमथची तुकडी सगळ्यात मोठ्या तुकड्यांपैकी होती. मुलगा कुठे शिकणार हे नौदल ठरवायचं. व्ही-१२ च्या मुलांना कॉलेजच्या संघातून खेळायची मुभा होती, सैन्याच्या तशाच एएसटीपी कार्यक्रमातल्या मुलांना नव्हती. कुठल्या कॉलेजात कुठला कार्यक्रम होता यावर त्या वर्षी कोण बलाढ्य आणि कोण पोरांवर निभावतंय हे ठरत होतं. युटाच्या आवारात सैन्य होतं, पण संघाला त्याचा उपयोग शून्य. डार्टमथला नौदलाने इतर कॉलेजांचे तयार खेळाडू आणून दिले.

म्हणून खेळाडूच्या ओळीत «पासून» आणि «पर्यंत» अशा दोन तारखा घातल्या, कार्यक्रमाचं नाव घातलं. व्ही-१२ ची सत्रं १ मार्च, १ जुलै, १ नोव्हेंबरला सुरू होत. संघ अचानक बदललेला दिसला तर आधी या तारखा पहा.

आडनावांचीही काळजी घ्या. हर्ब विल्किन्सन पुढच्या हंगामात आयोवाला गेला आणि तिथे त्याचा भाऊ क्लेटनही संघात होता. १९४४–४५ च्या आयोवाच्या बॉक्स स्कोअरमध्ये आद्याक्षर नसेल तर गुण कुणाचे हे बातमी वाचूनच ठरवावं लागतं. आयोवा आणि आयोवा स्टेट ही दोन वेगळी विद्यापीठं आहेत, हेही तक्ता भरताना सुटतं.

१५ मार्च: मिसाका

वॅट मिसाका, जपानी वंशाचा अमेरिकन, उंची पाच फूट सात इंच, ऑग्डेनचा, वेबर कॉलेजातून युटात आलेला. त्याच्या ओळीत «छावणी» (युद्धकाळात जपानी वंशाच्या अमेरिकनांना डांबलं ती) असा शेरा एका दुय्यम लेखावरून आला होता. तो काढला. ऑग्डेन हे पश्चिम किनाऱ्यालगतच्या हद्दपारीच्या पट्ट्याबाहेर होतं, त्यामुळे त्याच्या कुटुंबाला छावणीत जावं लागलं नाही. किनाऱ्यावरच्या हजारो जपानी वंशाच्या अमेरिकनांना त्याच युटा राज्यात, टोपाझला, काटेरी तारेमागे ठेवलं होतं, आणि त्याच काळात गार्डनमध्ये हा मुलगा युटाच्या गणवेशात डार्टमथला रोखत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत म्हणूनच त्या एकमेकींत मिसळू नयेत.

त्याची «पर्यंत» तारीख मार्च १९४४ आहे. अजिंक्यपद घेऊन घरी परतला तेव्हा सैन्यभरतीचा कागद वाट पाहत होता. पुढे तो सैन्याबरोबर जपानमध्ये गेला, हिरोशिमात वाचलेल्या लोकांच्या मुलाखती घेण्याच्या कामावर होता. परत आल्यावर १९४७ च्या एनआयटी अंतिम सामन्यात युटाने केंटकीला ४९–४५ हरवलं, त्या संघातही तो होता. साधा हंगामनिहाय तक्ता दोन हंगामांमधली ही रिकामी जागा «खेळला नाही» म्हणून दाखवतो. तिथे «सैन्यसेवा» लिहिलं.

२१ मार्च: केंटकीकडून हरूनही अजिंक्यपद कसं

वाचून पाहणाऱ्या प्रत्येकाने हीच शंका काढली, म्हणून टीप लिहिली. युटाला दोन्ही स्पर्धांचं बोलावणं होतं, त्यांनी एनआयटी निवडली. त्या काळी तिचा मान मोठा होता. तिथे पहिल्याच सामन्यात बाहेर पडले. दरम्यान एनसीएएच्या पश्चिम विभागात खेळणार असलेल्या अर्कान्सासच्या गाडीचं चाक रस्त्याकडेला बदलत असताना दुसऱ्या गाडीने धडक दिली. दोन खेळाडू गंभीर जखमी झाले, सोबतचा एक जण दगावला. अर्कान्सासने माघार घेतली आणि ती जागा युटाला मिळाली. संघ न्यूयॉर्कहून कॅन्सस सिटीला गेला, तिथे दोन दिवसांत दोन सामने जिंकून पुन्हा न्यूयॉर्कला आला.

या टिपेत अपघात एका ओळीत आटोपू नका. बऱ्याच ठिकाणी तो «युटाचं नशीब उघडलं» अशा सुरात येतो. एक माणूस गेला आहे.

२८ मार्च: एकूण विजय किती

दोन आकडे फिरतात, २१–४ आणि २२–४. नियमित हंगाम १८–३ धरला, त्यात एनआयटीची एक हार आणि एनसीएएचे तीन विजय मिळवले की २१–४ होतात. रेड क्रॉसचा सामना धरला की २२–४. भांडण आकड्यांचं नाही, तो एक सामना मोजायचा की नाही एवढंच आहे. आम्ही तो मोजला, कारण दोन्ही संघ पूर्ण ताकदीने उतरले होते आणि तो दोन स्पर्धांच्या विजेत्यांमधला सामना होता: युटाने दोनच दिवसांपूर्वी डार्टमथला हरवलं होतं, आणि सेंट जॉन्सने एनआयटीच्या अंतिम सामन्यात डीपॉलला ४७–३९ हरवलं होतं. तक्त्यात त्याला वेगळी खूण आहे, ज्यांना वगळायचा त्यांना एका चाळणीने वगळता येतो. १९४३ च्या वायोमिंगचा किंवा १९४५ च्या ओक्लाहोमा ए अँड एमचा तक्ता करणाऱ्यांपुढे हाच प्रश्न येईल. त्या दोघांनीही रेड क्रॉसचा सामना जिंकला होता.

४ एप्रिल: सध्याची स्थिती

मार्चच्या पाचही ओळी दुहेरी आधारासह पक्क्या. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या ओळींत जिथे एकच बातमी आहे तिथे «एक आधार» अशी पिवळी खूण आहे. ती दुसरी बातमी मिळाल्याशिवाय काढायची नाही. बातमीतून उतरवलेली दुसरी बातमी हा दुसरा आधार धरू नका: ट्रिब्यून आणि टेलिग्राम एकाच मालकीचे होते, शब्दन् शब्द सारखा मजकूर दिसला तर तो एकच. प्रतिस्पर्धी तळाच्या गावचं वर्तमानपत्र किंवा विद्यार्थ्यांचं क्रॉनिकल मिळालं तर खरी जोड. पुढचं काम क्रॉनिकलचे जानेवारी १९४४ चे अंक पानागणिक पाहणं, शोधशब्दांवर न विसंबता.